डोळे पिवळे होण्याची वाट

त्या पावसाळ्यात शिरूरला आमच्या गल्लीत कावीळ शिरली, आणि त्याच सुमारास मला सातवा महिना लागला. नव्वदचं दशक संपत आलं होतं. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. घरात आम्ही तिघंच: माझे मिस्टर, मी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणायची. मिस्टर रांजणगावच्या एका कारखान्यात कामाला होते, कंपनीच्या बसने रोज जाऊन-येऊन करायचे. आत्यांचं सासर केंदूरकडचं. त्यांच्या सासऱ्यांपर्यंत घरात मेंढरं होती, मग शेती आली, मग नोकरी.

गल्लीत आधी दोन पोरं आजारी पडली, मग त्यांची आई, मग समोरचा शिंपी. भाद्रपदात चार घरं सोडून राहणारी एक सून गेली. तीही गरोदर होती, माझ्यापेक्षा थोडी पुढे. आम्ही दोघी संध्याकाळी दारात उभ्या राहून बोलायचो, कुणाचं पोट किती पुढे आलंय ते बघायचो. एका संध्याकाळी ती आलीच नाही. ताप आणि उलट्या, म्हणाले. मग डोळे पिवळे झाले, मग पुण्याला नेलं, आणि तिथून बाईही आली नाही, बाळही नाही. गरोदर बाईला ही पाण्यातून येणारी कावीळ झाली तर जिवावर बेतू शकतं, हे मला तेव्हा कळलं. त्याआधी कावीळ म्हणजे पोरांचा आजार, एवढंच मला वाटायचं.

आमच्या घरातलं पाण्याचं पातेलं मग स्टोव्हवरून उतरेनाच. उकळलेलं पाणी, त्याला वेगळा तांब्या, माझं वेगळं फुलपात्र. तरी भांडी घासायचं पाणी नळाचंच की, हा विचार मला जेवताना यायचा आणि घास तोंडात फिरायला लागायचा. उठल्याउठल्या मी आरसा घेऊन दारात जायची आणि खालची पापणी ओढून डोळ्यांचा पांढरा भाग बघायची. मिस्टर ते बघायचे.

आमच्या मंडळाची पोरं दरवर्षी घटस्थापनेला तुळजापूरहून ज्योत आणायची. तिथे देवीसमोर मशाल पेटवायची आणि पळत शिरूरपर्यंत आणायची. मागे टेम्पो असतो. एकानं थोडं पळायचं, मशाल दुसऱ्याच्या हातात द्यायची, टेम्पोत बसून दम खायचा. असं आळीपाळीनं पळत सोलापूर, इंदापूर, कुरकुंभ, दौंड करत ज्योत गावात येते. ती जमिनीला टेकवायची नाही आणि थांबवायची नाही. पोरं पुष्कळ असली की कुणालाच जड जात नाही. त्या वर्षी निम्मी पोरं काविळीनं अंथरुणावर होती.

"अहो, या वर्षी नका जाऊ," मी म्हटलं.

"मान्सं कमी हायेत. म्हणून तर जाया पायजे."

आत्याही त्यांच्याच बाजूनं. "आईचं काम हाय. जाऊ दे त्याला. बारका होता तवापासनं पळतोय त्यो."

ते खरं होतं. शाळेत लांबच्या शर्यतीत त्यांचा नंबर यायचा, आणि नोकरी लागल्यावरही सुट्टीच्या दिवशी घोडनदीच्या पुलापलीकडे पळून यायचे. अंगानं काटक. टेम्पो गेला तेव्हा मी दारात उभी राहून हात हलवला आणि आत येऊन उगाचच रडले.

घटस्थापनेच्या सकाळी हलगी वाजायला लागली आणि ज्योत गल्लीच्या तोंडाशी आली. पुढे हेच होते. मी त्यांना ओळखलं ते शर्टवरून. चेहरा उन्हानं रापून काळा ठिक्कर, ओठ फुटलेले, आणि पाय टाकायची पद्धतच वेगळी, गुडघ्यात न वाकता. मागाहून कळलं ते असं: सोलापूरच्या अलीकडे दोघांना उलट्या सुरू झाल्या, त्यांना एसटीत बसवून परत पाठवलं. एकाच्या पायाला फोड आले. एकजण इंदापूरला टेम्पोत झोपला तो पुन्हा पळायला उठलाच नाही. राहिलेल्या दोघा-तिघांत मग यांनीच निम्म्याहून जास्त रस्ता पळून काढला होता. दोन दिवस आणि दोन रात्री.

पाटावर बसवून आत्यांनी पाय धुतले, ओवाळलं. ते उठायला गेले तर उठता येईना. मांड्या अशा टणक झाल्या होत्या की हात लावू देईनात. दुपारपर्यंत झोपले. उठून मोरीत गेले आणि बाहेर येऊन मला स्वयंपाकघराच्या दाराशी बोलावलं.

"आईला सांगू नको," ते हळूच म्हणाले. "लघवी काळी झालीय."

"काळी म्हणजे?"

"उकळून उकळून काळा झालेला च्या असतो का न्हाई, तसली."

त्या गल्लीत याचा अर्थ शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. लघवी काळी, मग डोळे पिवळे. मी आत्यांना सांगितलं. सांगणारच होते.

आमचे नेहमीचे डॉक्टर बाजारपेठेत बसायचे. त्या दिवसांत त्यांचा दवाखाना काविळीच्या पेशंटनीच भरलेला असायचा. त्यांनी पोट दाबून बघितलं, डोळे बघितले, रक्त काढायला शेजारच्या लॅबमध्ये पाठवलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. एसजीओटी आणि एसजीपीटी ही लिव्हरच्या तपासणीतली दोन नावं तोवर आमच्या गल्लीत भाजीच्या भावासारखी बोलली जायची, कुणाची किती हे सगळ्यांना माहीत असायचं. एरवी चाळीसच्या आत असणारी एसजीओटी यांची हजाराच्या पुढे गेली होती. एसजीपीटीही चढली होती, पण तिच्याइतकी नाही. बिलिरुबिन मात्र जवळजवळ ठीक होतं.

"हे चांगलं ना, डॉक्टर?" मी विचारलं. पिवळेपणा बिलिरुबिननं येतो एवढं मला ऐकून माहीत होतं.

डॉक्टर म्हणाले, "लिव्हरला सूज आली की आधी हे आकडे चढतात. पिवळेपणा नंतर येतो. दोन-चार दिवसांत डोळे पिवळे होतील, घाबरू नका. यांना विश्रांती द्या." मग माझ्या पोटाकडे बघून ते जरा थांबले. "पण तुम्ही या घरात राहू नका. माहेर कुठलं?"

"दौंड."

"आजच जा."

ते चुकीचं काही बोलले नव्हते. साथ चालू असताना त्यांच्या जागी कुणीही हेच म्हणालं असतं. मी पिशवी भरली. मिस्टर कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. निघताना मी जवळ गेले तर हातानंच लांब राहा म्हणाले.

दौंडला माझे वडील रेल्वेत होते. आम्ही रूळांजवळच्या क्वार्टरमध्ये राहायचो. गाडी गेली की मांडणीवरचे डबे वाजायचे, लहानपणी त्या आवाजात मला छान झोप लागायची. आता प्रत्येक गाडीला मी दचकून उठत होते. आईनं मला बघितलं आणि आधी माझी पापणी ओढली. मग म्हणाली, "जावईबापू हितनं गेले तवा मी चौकात उभी हुते गं. तांब्या घिऊन. पानी प्या म्हनलं तर हातानं न्हाई म्हनले आन् तसंच पुढं पळाले. ऊन तर असलं, डांबर पायाला चिकटत हुतं."

रोज संध्याकाळी मी स्टेशनजवळच्या एसटीडी बूथवरून शिरूरला शेजारच्या किराणा दुकानात फोन करायची. दुकानदार त्यांना हाक मारायचा. ते पाय ओढत येईपर्यंत मला रिसीव्हरमध्ये पुडी बांधल्याचा आवाज ऐकू यायचा.

"डोळे पिवळे झाले का?"

"अजून न्हाई."

"लघवी?"

"तशीच हाय. जरा उतरलीय."

"खाता का काही?"

"आई तेल न्हाई, मीठ न्हाई, हळद न्हाई, असलं देती. नुसता उसाचा रस. भूक लागून जीव चाललाय. मघाशी दुकानातनं पाव घिऊन खाल्ला, आईला सांगू नको."

त्या 'अजून न्हाई'नं मला धीर यायला हवा होता, पण ऐकू यायचं ते फक्त 'अजून'. आम्ही सगळे त्यांचे डोळे पिवळे होण्याची वाट बघत होतो. झाले असते तर निदान पुढचं काहीतरी सुरू झालं असतं. फोन ठेवला की मी बूथच्या काचेत स्वतःचे डोळे बघायची. बाहेर उभा असलेला माणूस काच ठोठावायचा.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी ते म्हणाले, "उद्या आई एका गावाला नेतीय. झाडपाल्याचं औषध देतात तिथं. उतरती म्हणं कावीळ."

मी नको म्हणायला हवं होतं की हो म्हणायला हवं होतं, मला कळेना. गल्लीतले बरेचजण तिथून बरे होऊन आले होते.

आईनं मला दुसऱ्या दिवशी दौंडातल्या बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नवरा काविळीनं पडलाय हे ऐकून बाईंनी माझंही रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट घेताना मी बोटानंच आकडे शोधले. एसजीओटी ठीक. एसजीपीटी ठीक. बिलिरुबिन ठीक. आणि खाली अल्कलाइन फॉस्फेटेज असं काहीतरी लिहिलेलं, त्याच्यापुढचा आकडा कंसातल्या आकड्याच्या कितीतरी वर. खाली खूण केलेली. कागदाच्या वरच्या बाजूला 'लिव्हर'च्या तपासण्या असं छापलेलं होतं.

दवाखान्याच्या बाकावर आईशेजारी बसून मी तो कागद घडी करून मुठीत धरला. मला चार घरं सोडून राहणाऱ्या त्या सुनेचा हात आठवत होता, बांगड्या मागे सारून दारावर टेकवलेला. पोटात बाळ हलत होतं आणि मी मनातल्या मनात त्याची माफी मागत होते.

बाईंनी रिपोर्ट बघितला आणि बाजूला ठेवला. "छान आहे. काही नाही."

"बाई, पण तो खालचा आकडा..."

"तो? अगं, तो वारेतून येतो. बाळाची वार. शेवटच्या महिन्यांत सगळ्यांचा वाढतो. छापलेली मर्यादा साध्या माणसांची आहे, गरोदर बाईची नाही."

"म्हणजे लिव्हरचं नाही?"

"लिव्हरच्या तपासणीत मोजतात म्हणून ते लिव्हरमधूनच आलं असं थोडंच आहे?"

मला एकदम रडू फुटलं. बाईंनी आईला पाणी आणायला बाहेर पाठवलं आणि मला विचारलं, "नवऱ्याचं कसं आहे?"

मी सगळं सांगितलं. डोळे अजून पिवळे नाहीत, बिलिरुबिन तेव्हा ठीक होतं, एसजीओटी हजाराच्या पुढे.

"जेवण जातं का?"

"लपून पाव खातात, बाई."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "एवढी एसजीओटी चढलेली आणि पाव खातो? असल्या काविळीत सहसा अन्नाचा वासही नको होतो माणसाला. ताप? उलट्या?"

"नाही. पाय दुखतात म्हणतात. मांड्यांना हात लावू देत नाहीत."

"का? पाय का दुखतात?"

तोवर ज्योतीचं मी त्यांना सांगितलंच नव्हतं. आजाराशी त्याचा काही संबंध असेल असं आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी सांगितलं. तुळजापूरहून, निम्म्याहून जास्त, उन्हात, पाणी न पिता.

बाई उठून खिडकीपाशी गेल्या आणि परत आल्या. "हे माझं काम नाही, मी बायकांची डॉक्टर. पण शिकत असताना एक पेशंट बघितला होता. गाडीखाली पाय चेंगरलेला. त्याची लघवी अशीच काळी होती आणि एसजीओटी अशीच आभाळाला. यकृताला खरचटलंही नव्हतं. सगळं स्नायूंमधून आलेलं. एसजीओटी स्नायूंतही असते. स्नायू तुटले की रक्तात उतरते, आणि त्यांचा रंग लघवीतून जातो." त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं. "झाडपाल्याचं काही दिलंय का?"

"आज नेणार होते."

"आत्ता फोन कर. काही घेऊ नको म्हणावं. पाणी पी म्हणावं, भरपूर. आणि रिपोर्ट घेऊन उद्या इकडे ये म्हणावं."

मी बूथवर गेले. दुकानदार म्हणाला, मायलेक सकाळच्या गाडीनं गेलेत. मी संध्याकाळपर्यंत आईचं न ऐकता बूथजवळच बसून राहिले. दर थोड्या वेळानं फोन करायची. शेवटी ते फोनवर आले.

"औषध घेतलं का?"

"एकदा प्यायला लावलं. आणखी पुड्या दिल्यात."

"घेऊ नका. उद्या दौंडला या."

मागून आत्यांचा आवाज आला, "सातव्या म्हयन्याच्या बाईपाशी कावीळ घिऊन जातोस व्हय रे? डोकं फिरलं का काय?" मग फोन ठेवल्याचा खट्ट आवाज. ते येतील की नाही, मला कळलं नाही.

ते आले. आत्याही बरोबर आल्या, तोंड पाडून. मिस्टर एसटीतून उतरताना दांडा धरून एकेक पाय खाली ठेवत होते, म्हाताऱ्यासारखे. माझ्यापासून चार हात लांबच थांबले. डोळे पांढरे स्वच्छ.

बाईंनी त्यांना त्यांच्या ओळखीच्या एका एमडी डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी मांड्या दाबल्या तसे हे ओरडले. रक्त परत काढलं. स्नायू किती तुटलेत ते सांगणारी एक तपासणी दौंडात होत नव्हती, सीपीके नावाची. तिचं रक्त पुण्याला पाठवलं. किडनीची तपासणी मात्र तिथेच झाली आणि तिचा आकडा वर होता.

तिथे मला नवीन भीती मिळाली. डॉक्टर म्हणाले, "यकृताची काळजी सोडा. मला किडनीची आहे. हा जो रंग स्नायूंतून सुटतो ना, तो किडनीत अडकतो. त्यात पळताना पोटात पाणी नव्हतं. हे अजून लघवी करतायत हे नशीब समजा." त्यांना दवाखान्यात ठेवलं, सलाईन लावलं. आत्या दाराशी बसून प्रत्येकाला विचारायच्या, "मंग कावीळ न्हाई का?" आणि कुणी नाही म्हटलं की मान हलवायच्या, पटलं नसल्यासारखी.

पुण्याहून उत्तर आलं. सीपीके इतकी वर होती की लॅबवाल्यांनी ती पुन्हा करून बघितली होती. पळून इतके दिवस उलटल्यावरसुद्धा. एसजीओटी मात्र उतरायला लागली होती. डॉक्टरांनी आम्हाला समजावलं: काविळीत सहसा एसजीपीटी पुढे असते, इथे एसजीओटी खूप पुढे होती. बिलिरुबिन धड होतं. यकृताचं दुखणं असतं तर माणूस असा भुकेला नसता. "एवढं अंतर पळालेल्या माणसाचं रक्त लगेच तपासलं तर कुणालाही वाटेल यकृत गेलं. गेलेले असतात ते पाय."

किडनीचा आकडा खाली यायला आणखी काही दिवस लागले. रोज सकाळी लघवी मोजून नर्स सांगायची आणि आम्ही परीक्षेचा निकाल ऐकावा तसे ऐकायचो. एका सकाळी तिनं "आज चांगली झाली" म्हटलं तर माझ्या वडिलांनी पेढे आणायला माणूस पाठवला. नर्सला हसू आवरेना.

त्या दवाखान्यात एकदा दुपारी आत्या झोपल्या होत्या आणि मी कॉटजवळ बसले होते. आता जवळ बसायला हरकत नव्हती. मी विचारलं, "थांबला का नाही हो? टेम्पो होता मागे. थोडा वेळ मशाल टेम्पोत ठेवून आणली असती तर देवी काय म्हणाली असती का?"

"नवस-बिवस न्हाई बोललो काय. पर तू रोज सकाळी दारात उभी राहून डोळे बघायचीस ना, ते मला बघवत न्हवतं. घरी बसून करणार काय मी? पळायला लागलो आन् वाटलं, पळतोय तवर तुला काय हुनार न्हाई. थांबलो आन् झालं तर? मग थांबताच येईना."

मी त्यांना रागवायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. तीच भीती मला होती, मी ती आरशात बघत बसले होते. त्यांनी ती पायात घातली होती.

महिन्याभरानं शिरूरला आमच्या जुन्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. एसजीओटी, एसजीपीटी, सगळं जिथल्या तिथे. त्यांनी दौंडचे कागद दोनदा वाचले आणि म्हणाले, "पळण्याचं मला विचारायलाच सुचलं नाही हो. साथीत सगळं साथीचंच दिसतं." मला त्यांचा राग आला नाही.

गल्लीत मात्र कुणाला पटवता आलं नाही. ज्योत आणून पाय तुटतात आणि रक्तात कावीळ दिसते, हे ऐकून लोक आमच्याकडे संशयानं बघायचे. बरेच दिवस शेजारीण आमच्या घरचा चहा घेत नव्हती. आत्यांनी त्यांचं उत्तर ठरवून टाकलं होतं: "झाडपाल्याचा एकच घोट दिला, तर कावीळ डोळ्यांत यायच्या आधीच उतरली बगा." मिस्टर ते ऐकून गालातल्या गालात हसायचे. मी वाद घातला नाही.

पौषात मला मुलगी झाली, दौंडलाच. पुढच्या नवरात्रात मंडळाची पोरं पुन्हा बोलवायला आली, तेव्हा मी कारणं शोधत होते. ह्यांनी माझ्यासमोर पोरांना सांगितलं की मी येतो, पण माझं पळून झालं की मी टेम्पोत बसणार, आणि पाण्याचे कॅन भरून घेतल्याशिवाय टेम्पो हलणार नाही. पोरं हसली. कॅन मात्र भरले. टेम्पो गल्लीतून वळला तेव्हा मुलगी माझ्या कडेवर झोपली होती, आणि आत्या माझ्या शेजारी उभ्या राहून पदराचं टोक दातात धरून चावत होत्या.